काडतूस घरचे, प्रश्न सगळ्यांचा

फ्लॅगस्टाफ हे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले गाव सात हजार फुटांवर वसले आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या दीडपटीहूनही उंच. मुलगी आणि जावई तिथे असल्यामुळे गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर सौ. आणि मी दोन महिने त्यांच्याकडे होतो. शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. संध्याकाळी त्यांच्या गॅरेजचे दार अर्धे उघडे असायचे आणि आत दिव्याखाली ते काहीतरी बारीक वजन करताना दिसायचे. समोर नाजूक तराजू, चिमटा, पितळेच्या चकचकीत नळ्या. सौ. म्हणाली, ‘‘अहो, हे सोनार दिसताहेत!’’ एके दिवशी चौकशी केली तेव्हा कळले, की हे गृहस्थ सोने तोलत नव्हते, बंदुकीची दारू तोलत होते. रायफलची काडतुसे ते घरीच भरतात.

आधीच सांगून टाकतो, मी शिकारीच्या बाजूचा माणूस नाही. घरी अंडेही शिजत नाही. शिवाय आपल्या देशात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक संपला. त्याबद्दल मला कधी हळहळ वाटली नाही. तरीही त्या गॅरेजमध्ये मी पुढे आठ-दहा संध्याकाळी बसलो. एका माणसाचा घरगुती छंद म्हणून मी ज्याच्याकडे पाहत होतो, त्यात साम्राज्याचा इतिहास, आजचे युद्ध, एका पक्ष्याचे भवितव्य आणि लहान मुलांच्या ताटातले जेवण इतके सगळे गुंतलेले निघाले. वाचकांनी चार घटका त्या गॅरेजमध्ये बसावे, म्हणून हा लेख.

चार वस्तूंचा खेळ

रायफलच्या काडतुसात वस्तू चारच. पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी सुटली तरी पितळी नळी शाबूत राहते. ती स्वच्छ करून, साच्यात घालून मूळ मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर नवी गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत हा छंद कायदेशीर आहे आणि तो बाळगणारे लोक गावोगाव आहेत. काहीजण पैसे वाचवण्यासाठी तो करतात. पण मुख्य कारण असे, की आपल्याच रायफलला मानवेल असे काडतूस जुळवता येते आणि गोळी कोणती वापरायची ते आपण ठरवू शकतो.

दारू मोजतात ती ग्रेनमध्ये. सोनाराची गुंज जवळजवळ दोन ग्रेनांची. म्हणजे आमच्या सौ.चा अंदाज अगदीच चुकला नव्हता! गुंजभराचा फरक इथे महागात पडतो. शेजाऱ्यांच्या रायफलला लागणाऱ्या काडतुसाचे नाव ‘पॉइंट ३०० विंचेस्टर मॅग्नम’. ते उडते तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला ६४ हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि ती मान्य केलेली कमाल मर्यादा आहे. मोटारीच्या टायरमधला दाब साधारण ३२ पौंड असतो. त्याच्या दोन हजार पट! आणि हा स्फोट माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो.

म्हणून नियम कडक. छापील पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या बऱ्याच खालून सुरुवात करायची, थोडे थोडे वाढवत जायचे, टोपी चपटी होऊ लागली किंवा रायफलचा खटका जड चालू लागला की मागे फिरायचे. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. गप्पा मारत भरायचे नाही. मी बसलेला असताना ते दारू कधीच भरत नसत, त्याचे कारण मला नंतर कळले. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की दुसऱ्याने घरी भरलेले काडतूस कधीही उडवायचे नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

‘मोठे’ म्हणजे किती मोठे?

‘मॅग्नम’ हा शब्द मोठ्या मद्यबाटलीवरून बंदुकीत आला असे सांगतात. अर्थ एवढाच, की नेहमीपेक्षा मोठी नळी, जास्त दारू. शेजाऱ्यांना त्या वर्षी एल्क मारण्याचा परवाना मिळाला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, मोठा नर तीनशे किलोंच्याही पुढे जातो. तिथे परवाने सोडतीने निघतात. मनाला येईल तेव्हा, येईल तितके मारता येत नाही.

एवढ्या जनावराला मॅग्नमच हवे का, असे मी विचारले. ते हसले. ‘‘खरं सांगू? १९०६ सालचं साधं काडतूसही पुरतं. इथल्या उघड्या पठारावर अंतरं लांबची, म्हणून मी हे घेतो. पण पुष्कळ जण नुसत्या नावावर भाळतात. धक्का एवढा बसतो, की घोडा दाबायच्या आधीच माणूस डोळे मिटतो. मग गोळी भलतीकडे लागते. जनावर जखमी होऊन पळतं आणि चार दिवसांनी कुठेतरी मरतं. ताकद म्हणजे मोठी नळी नव्हे. जी रायफल तुम्हाला डोळे उघडे ठेवून चालवता येते, ती ताकद.’’

हे ऐकताना मला जिम कॉर्बेट आठवले. कुमाऊंतल्या चंपावतच्या ज्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याची नोंद कॉर्बेटने केली आहे, तिला त्याने १९०७ मध्ये टिपले तेव्हा तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले आढळले. जुन्या बंदुकीच्या जखमेचा तो परिणाम, असा त्याचा निष्कर्ष होता. कोणा एकाचा नेम चुकला आणि त्याची किंमत शेकडो घरांनी मोजली. शिकाऱ्याची चूक शिकाऱ्यापाशी थांबत नाही, हा धडा आपल्या मातीत तेव्हाच लिहिला गेला होता.

हिंदुस्थानातून आलेली नळी

त्या पितळी नळीच्या बुडाशी एक जाडसर पट्टा असतो, कमरपट्ट्यासारखा. तो कशाला, असे विचारले तर म्हणाले, ‘‘आता त्याची गरज नाही. तो तुमच्याकडून आलाय!’’

हकिगत अशी. सन १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये पॉइंट ४५० मापाच्या खासगी रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी घातली. त्याच मापाच्या जुन्या लष्करी बंदुका लोकांपाशी होत्या. ही गोळी बंडखोरांच्या हाती लागेल, ही सरकारला धास्ती. झाले! लंडनच्या बंदूकवाल्यांनी हत्ती आणि वाघाच्या शिकारीसाठी ४६५, ४७०, ४७५ अशी नवनवी मापे काढली. गोऱ्या साहेबांच्या बंदुकांची ती चित्रविचित्र मापे वाघाला किंवा हत्तीला पाहून ठरली नव्हती. ती ठरली प्रजेच्या भीतीने!

पुढे १९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने पॉइंट ३७५ मॅग्नम हे काडतूस आणले. तेव्हाची कॉर्डाइट नावाची दारू उन्हात तापली की दाब वाढे, आणि फुगलेली नळी बंदुकीत अडकून बसे. समोर चवताळलेले जनावर असताना नळी अडकणे म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून ही नळी निमुळती ठेवली. पण निमुळती नळी बंदुकीत नेमक्या जागी टेकेना, म्हणून बुडाशी पट्टा दिला. अमेरिकन कंपनीने १९६३ मध्ये त्याच वंशातले पॉइंट ३०० मॅग्नम काढले. दारू बदलली होती, नळीला ठसठशीत खांदा आला होता, पट्ट्याचे काम उरले नव्हते. पट्टा मात्र राहिला. ग्राहकाला त्यात ‘मॅग्नम’पणा दिसू लागला होता. काही सवयी कारण संपल्यावरही अशा टिकतात. हा पट्टा निरुपद्रवी आहे. सगळ्याच जुन्या सवयी तशा नसतात.

कापूस आणि युद्ध

दारूचे डबे शेजारी जपून वापरत होते. ती महाग झाली आहे आणि कधी कधी मिळतही नाही, अशी त्यांची तक्रार. कारण युक्रेन. ही दारू ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बनते, त्याचा कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारे कापसाचे आखूड तंतू. युद्ध २०२२ मध्ये भडकल्यापासून तोफगोळ्यांचे कारखाने याच मालासाठी रांगेत उभे आहेत. युरोप त्यासाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहे. कापसाचा भाव म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला मी काय सांगावे? त्याच सरकीवरची लव जगाच्या दुसऱ्या टोकाला तोफेत जाते आणि फ्लॅगस्टाफच्या एका म्हाताऱ्याचा डबा रिकामा राहतो, एवढेच लक्षात आणून द्यायचे.

शिशाचा ढग

पण खरा वाद दारूचा नाही, गोळीचा आहे. अमेरिका-युरोपात आज तोच पेटला आहे.

रायफलची गोळी पिढ्यान् पिढ्या शिशाची, वरून तांब्याचा पातळ पत्रा. शिसे जड, मऊ आणि स्वस्त. जनावराला लागताच ते फुलते. पण मॅग्नमच्या वेगात, आवाजाच्या अडीच पटीहून अधिक वेगात, ते नुसते फुलत नाही, फुटते. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीत-दीड वीत पसरतात. एक्स-रे काढला तर मांसात पांढऱ्या ठिपक्यांचा ढग दिसतो. शिकारी जनावर पडल्या जागी साफ करतो, आतडी तिथेच टाकतो आणि मांस घरी नेतो. ढग दोन्हीकडे वाटला जातो.

आतड्यांवर येतो कॅलिफोर्निया काँडर. गिधाडासारखाच मृतभक्षक पक्षी, पंखांचा पसारा साडेनऊ फूट. हे पक्षी १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते. शास्त्रज्ञांनी १९८७ पर्यंत रानातला शेवटचा पक्षीही धरून पिंजऱ्यात आणला. तेव्हा एकूण २७ होते. पिंजऱ्यात वीण वाढवून १९९२ पासून ते पुन्हा रानात सोडले, ॲरिझोनात १९९६ पासून. आज ते पाचशेहून अधिक आहेत, निम्म्याहून जास्त मोकळ्या आकाशात. पण ॲरिझोना-युटाच्या थव्यात मृत्यूचे पहिले कारण आजही शिसे आहे. विष भिनले की पक्ष्याची पचनसंस्था लुळी पडते आणि पोट भरलेले असताना तो उपाशी मरतो. मादी साधारण दोन वर्षांनी एक अंडे घालते, म्हणून एकेक जाणता पक्षी मोलाचा. त्यातच २०२३ मध्ये बर्ड फ्लूने या थव्यातले २१ पक्षी नेले.

आणि मांस? नॉर्थ डाकोटा राज्यात शिकारी लोक हरणाचा खिमा गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान देत. त्यात शिशाचे कण आढळल्यावर २००८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने तो फेकून द्यायला सांगितले. शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला. शेजाऱ्यांचे मत तिथे फिरले. त्या सुमारास त्यांची लेक गरोदर होती आणि घरच्या फ्रीजरमधला खिमा त्यांच्याच गोळीचा होता. ‘‘पक्ष्यासाठी बदललो असं सांगायला आवडेल,’’ ते म्हणाले, ‘‘पण बदललो नातीसाठी.’’ सुदैवाने नात ठणठणीत आहे.

आता ते निव्वळ तांब्याची गोळी वापरतात. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण सहसा तुटत नाही. अडचणी आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीत दारूची जागा खाते. म्हणून ते जरा हलकी गोळी निवडतात. तांबे नीट उमलायला वेग लागतो, आणि तो मॅग्नम देते. म्हणजे मोठ्या काडतुसाला शंभर वर्षांनी एक शहाणपणाचे कारण मिळाले म्हणायचे!

कायदा की समजूत?

सरकारांनी काय केले ते पाहू. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकेने १९९१ मध्ये देशभर बंदी घातली. तेव्हाही ओरड झाली, पण बदकांची शिकार काही थांबली नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिसे बंद केले. ॲरिझोनाने कायदा न करता समजुतीचा मार्ग घेतला. काँडरच्या प्रदेशातल्या शिकाऱ्यांना २००५ पासून बिनशिशाची काडतुसे फुकट आणि आतडी उचलून आणणाऱ्यांना बक्षीस. केंद्र सरकारच्या अभयारण्यांतली शिशाची बंदी जानेवारी २०१७ मध्ये ओबामा सरकारच्या शेवटच्या दिवशी निघाली आणि मार्चमध्ये नव्या सरकारने रद्द केली. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळीलाही बंदी केली. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये, काही वर्षांची मुदत देऊन, त्याच वाटेने जाण्याचे जाहीर केले.

बंदीला विरोध करणारे सारेच दुष्ट आहेत असे समजू नये. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर १९३७च्या कायद्याने कर बसतो, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. काँडरच्या राज्यातले वनरक्षक काही प्रमाणात शिकाऱ्याच्या खिशातून पोसले जातात. आज शिसे, उद्या बंदूक, असा संशय या लोकांना येतो. तांब्याची गोळी महाग, हीही खरी गोष्ट. म्हणून ॲरिझोनाने शिकाऱ्याला गुन्हेगार न ठरवता सोबती मानले, आणि त्या भागातल्या ८० टक्क्यांहून अधिक शिकाऱ्यांनी साथ दिली. कोणत्याही स्वयंस्फूर्त मोहिमेला हेवा वाटावा असा हा आकडा.

तरीही काँडर मरतात, आणि प्रश्नाची गाठ इथेच आहे. काँडर एकटा जेवत नाही, पंगतीला बसतो. शंभरातल्या नव्वद शिकाऱ्यांनी तांबे वापरले आणि एखाद्याचेच शिशाचे हरीण रानात राहिले, तरी त्या एका पानावर सगळी पंगत बाधते. ज्या कामात थोड्यांची चूक सगळ्यांना भोवते, तिथे बहुसंख्यांचा चांगुलपणा पुरत नाही. तिथे कायदाच हवा. पण नुसता कायदाही पुरत नाही. कॅलिफोर्नियात बंदीनंतरही विषबाधा थांबलेली नाही, कारण रानात प्रत्येक बंदुकीमागे शिपाई उभा करता येत नाही. माझ्या मते ॲरिझोनाची समजूत आधी आणि कॅलिफोर्नियाचा कायदा नंतर, हाच क्रम बरोबर. लोक तयार झाल्यावर येणारा कायदा पाळला जातो, आणि उरलेल्या दहांसाठी तो यावाच लागतो.

आपल्याला हे परके वाटायला नको. आपली गिधाडे बंदुकीने मेली नाहीत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या साध्या वेदनाशामकाने मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. तिथेही विष न दिसणारे, देणाऱ्याचा हेतू चांगला आणि एकाच मढ्यावर सगळा थवा. सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केले, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. त्या २०१५ मध्ये बंद झाल्या. तशीच घातक आणखी दोन औषधे बंद व्हायला २०२३ उजाडले. प्रत्येक वेळी कायदा एक पाऊल मागे. गोठ्यातल्या माणसाला ‘का’ हे कळले असते, तर ही शर्यत इतकी लांबली असती का?

भावाची काडतुसे

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेलो. त्या दिवशी दार पूर्ण उघडे होते. टेबलावर जुन्या काडतुसांचे खोके होते. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या धाकट्या भावाने भरलेली ही काडतुसे, सगळी शिशाची. शेजारी एकेक काडतूस साच्यात धरून त्यातली गोळी उपसून काढत होते. दुसऱ्याने भरलेले उडवायचे नाही, हा नियम त्यांनी भावासाठीही मोडला नव्हता. गोळ्या एका डब्यात, भंगारात द्यायला. नळ्या दुसऱ्या डब्यात. दारू कोणती ते खात्रीने सांगता येत नव्हते, म्हणून ती वापरायची नाही.

‘‘मग तिचं काय करणार?’’ मी विचारले.

‘‘गुलाबाच्या वाफ्यात पसरायची, पातळ. नायट्रोजन असतो त्यात. भाऊ गुलाबांना हसायचा माझ्या.’’

मी शाकाहारी, ते शिकारी. आमचे एकमत व्हायचे नाही आणि मला ते व्हायला नको आहे. पण आपल्या हातून जे सुटते, ते पुढे कोणाच्या पोटात जाते, हा प्रश्न त्या माणसाने स्वतःला विचारला होता. औषधाची बाटली असो, शेतातली फवारणी असो की गणपतीचा रंग असो, आपल्यापैकी किती जण तो विचारतात?

परवा लेकीचा फोन आला होता. वाफा बर्फाखाली आहे म्हणाली. उन्हाळ्यात कळेल.